तुरटी फिरवलेलं पाणी

नालासोपाऱ्याच्या आमच्या इमारतीत नळाला बोअरिंगचं पाणी यायचं, एक दिवसाआड, तासभर. जड पाणी. साबणाला फेस नाही, डाळ शिजता शिजत नाही. आईच्या माशांच्या काचेच्या पेटीवर त्याचा पांढरा थर चढायचा आणि आई तो लिंबाच्या फोडीने घासत बसायची. घर सोडून गेलेल्या शेजाऱ्यांनी ती पेटी आम्हाला दिली होती. आत चार काळ्या मॉली, बोटाएवढ्या मासोळ्या.

बाबा युनियनचे. माझ्या वह्यांची कव्हरंसुद्धा पत्रकांची. मी वाचायला शिकले ती त्यांवरच. सतराव्या वर्षी मीही एक पत्रक लिहिलं. हे जड पाणी म्हणजे विष आहे, गोडं पाणी हा आमचा हक्क आहे. हक्काचं वाक्य मी आजही तसंच लिहीन. खाली जागा उरली म्हणून सूचना टाकली: टँकरच्या पाण्यात तुरटी फिरवून मगच वापरा.

तेव्हा एक मॉली पोटुशी होती. तिला गाभण म्हटलेलं आईला चालायचं नाही.

"लेक बाळंतपणाला माहेरी आलीय माझी," ती म्हणायची.

"मग डोहाळजेवण कर," बाबा म्हणाले.

"केलं असतं. तुमची मोर्च्याची माणसंच जेवून जातील."

एका सकाळी आई बाजारात गेली असताना टँकर आला. आपण पिणार गोडं आणि बाळंतिणीला ते विष? मी पेटीतलं बरंचसं पाणी मोरीत ओतलं, टँकरचं भरलं आणि नियमाप्रमाणे तुरटी फिरवली. अर्ध्या तासात तीन मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. चौथी, ती पोटुशी, तळाशी आडवी पडली.

आई आली. पिशवी हातातच राहिली.

"काय घातलंस?"

"गोडं पाणी. आणि तुरटी."

"अगं, त्या जड पाण्यातच जन्मल्यात. तेच सोसतं त्यांना."

घरात जुनं पाणी थेंबभर नव्हतं आणि नळ थेट उद्या. मी खाली धावले. तळमजल्यावर मासे विकणाऱ्या मावशी राहायच्या.

"मावशी, बोअरिंगचं पाणी आहे का? मासे मरतायत."

"काल तर ईष म्हनत होतीस. आज ईष मागायला आली होय?" त्या हसल्या, पण उठल्या. पिंपात टोपल्या धुवायला ठेवलेलं पाणी होतं, तेवढंच. त्यांनी बादली भरून दिली. "जा, पळ. जित्या माशाचं मला नको इचारू, माझ्याकडं येतात त्यांना पानी नाय, बरफ लागतो."

आईने पेटीतलं पाणी थोडं थोडं काढलं आणि बादली पेल्यापेल्याने ओतायला घेतली. रागावेल म्हणून मी वाट पाहत उभी होते.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

तिने पेला माझ्या हातात दिला. "हळू ओत. तिच्या अंगावर नको, कडेनं."

दुपारी एक मासा गेला. आईने तो बाहेर काढला. मी ओतत राहिले. उन्हं उतरताना पोटुशीने कल्ले हलवले, अडखळत सरळ झाली आणि काचेला लागून तरंगत राहिली. आईने बाहेरून तिथेच बोट टेकलं.

तिसऱ्या दिवशी पिल्लं झाली, जिऱ्याच्या दाण्यांएवढी. मॉली आपलीच पिल्लं खाते, म्हणून आईने ती चमच्याने वेचून त्याच पाण्याच्या बरणीत ठेवली. मग मला खाली पिटाळलं, मावशींना आधी सांगायला. बाबा अजून झोपलेलेच होते.