पाटावरचं शेवटचं कार्ड

खंडेनवमी, सकाळ. जागा: खुटबाव, मामांची ओसरी. हजर: मामांची सून, शेजारचे आप्पा आणि मी, शाळेची क्लार्क. गैरहजर: साऱ्या गावाचे मामा.

“कॉपी काढली का?” भेटल्यावर मामांचा पहिला प्रश्न हाच. जेवलात का, हे नंतर.

सदा काळजीत असलेलं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. मामा दुसऱ्यांच्या पेनड्राइव्हची काळजी करत. कारेगावजवळच्या एका कारखान्यात ते मेमरी कार्डं तपासायचे. निवृत्त झाल्यावर गावानं लग्ना-बारशांची, शाळेनं गॅदरिंगची रेकॉर्डिंगं त्यांच्या हवाली केली. खंडेनवमीला लोक विळे, कोयते, ट्रॅक्टर पुजतात. मामा पाटावर कार्डं मांडत. पूजा झाली की टूथब्रशनं कुंकू झाडत बसत, आणि मग सगळं नव्या कार्डांवर उतरवत.

“मामा, नारळ बी फोडा की कार्डावर,” आप्पा चिडवत.

“हसा. पोरीचं लगीन पुसलं गेलं म्हंजी रडाल.”

जपून ठेवलेलं पुसलं कसं जाईल, असं मी एकदा विचारलं. त्यांनी चहाचे चार कप मांडले. एक रिकामा, एकात थोडा चहा, एकात अर्ध्याच्या वर, एक काठोकाठ. “जुन्या कार्डात कप रिकामा का भरल्याला, एवढंच वळखायचं. आता एकाच कपात ह्या चार तऱ्हा. जागा वाचली, कार्ड स्वस्त झालं. पर पडून राहिलं की चार्ज, म्हंजी ह्यो च्या, गळतो. जरा गळला, की ह्यो कप कंचा, कोण सांगणार?”

पाटाच्या कोपऱ्यात एक कार्ड वेगळं असे. मामी मेंढरांना हाळी द्यायच्या, ती त्यात होती. मामी गेल्या, आवाज तेवढा राहिला. त्या कार्डाला दरवर्षी कुंकू लागे, पण कार्ड रीडरमध्ये ते कधी गेलं नाही.

“मामा, याची कॉपी?”

“ऱ्हाऊ द्या, ताई.” मग हळूच, “उघडलं आन् काय न्हाईच निघालं, तर? आत्ता निदान हाय असं वाटतंय.”

मामा श्रावणात गेले. आज सुनेनं त्यांच्यासारखाच पाट मांडला. लोकांची कार्डं मी उतरवून घेतली, नावं चिकटवली, परत द्यायच्या पिशवीत भरली. कोपऱ्यातलं तेवढं राहिलं.

“घाला की, ताई,” सून म्हणाली. “थांबू तितकं गळंल.”

“घाल बाई,” आप्पा म्हणाले. चष्मा पुसला. “न्हाई, जरा थांब.”

कुंकू झाडून झालं आहे. रीडर लॅपटॉपला लावला आहे. कार्ड अजून माझ्या चिमटीत आहे.