मी मिस्त्र्यांची परीक्षा घेतली

आता हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण मधे हसलात तर मला पुढचं सांगता येणार नाही. आणि चहा घ्या आधी. गोष्ट छोटी आहे, फजिती तेवढी मोठी आहे.

माझी ती लाल गाडी तुम्हाला माहीतच आहे. दोन सीटची, टप उघडणारी, विलायती. नांदेडच्या एका डॉक्टरांनी हौसेनं बाळगली आणि कंटाळून मला दिली. वयानं माझ्यापेक्षा थोडीच लहान. बुटकी इतकी, की हिंगोलीतल्या प्रत्येक गतिरोधकावर तिचं पोट घासतं. शाळेतली पोरं म्हणतात, विज्ञानाच्या सरांनी रॉकेट घेतलं. बायको म्हणते, भंगार घेतलं. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे.

या रॉकेटला एक विचित्र रोग होता. वीस-पंचवीस किलोमीटर गेलं की बंद. अर्धा तास सावलीत उभं केलं की चालू, जणू काही झालंच नाही! असं का होत असेल? मला नुसतं कुतूहल. भर रस्त्यात बॉनेट उघडून मी तासन्‌तास बघत बसायचो. कळायचं काहीच नाही, पण बघायला आवडायचं.

अशात भाच्याचं लग्न ठरलं. रोहित, माझ्या औंढ्याच्या बहिणीचा एकुलता एक मुलगा. मुलगी हट्टा गावची. त्यानं मामाकडं एकच गोष्ट मागितली.

"मामा, घोडा नको मला. परण्या, मारुतीपर्यंतची नवरदेवाची मिरवणूक, तुमच्या लाल गाडीतून काढायचा."

मी छाती फुगवून हो म्हणालो. रात्री अंथरुणावर पडलो तेव्हा डोळ्यांसमोर चित्र आलं. बँड वाजतोय, निम्मं हट्टा रस्त्यावर उभं आहे, मारुतीचं देऊळ अजून लांब आहे, गाडी बंद पडली आहे आणि नवरदेव खाली उतरून ढकलतोय. शेजारी माझ्या बहिणीचा चेहरा. मी उठून पाणी प्यायलो.

म्हणजे आता भरवशाचा मिस्त्री पाहिजे. पण भरवशाचा कोण, हे ओळखायचं कसं, सांगा! ज्याला विचारावं तो आपल्या मेव्हण्याचं नाव सांगतो. मिस्त्री म्हणतो, "आतून घासलंय," आणि आपण मान हलवतो. आत काय आहे हे आपल्याला कुठं माहीत असतं?

आणि मला ती कल्पना सुचली. गाडीत बिघाड मीच करायचा! म्हणजे बरोबर उत्तर मला आधीच ठाऊक. जो ते उत्तर देईल तो इमानदार. जो इंजिन उघडायला लावील तो नापास. मग पास झालेल्याला गाडीचा खरा रोग सांगायचा. आहे की नाही शास्त्रीय पद्धत?

बायको म्हणाली, "अहो, माणसाला पेपर काहून देता? गरम झाली की बंद पडती, एवढं सरळ सांगा ना."

"प्रश्नपत्रिकेत उत्तर छापत नाहीत," मी म्हणालो. तिनं पुन्हा भाजी निवडायला घेतली.

पहिला परीक्षार्थी हिंगोलीचा दत्ता. मी प्लगची एक वायर हळूच निसटवली आणि धडधडत, हिसके देत त्याच्या दुकानापुढं गेलो.

"काय झालं, सर?"

"तूच सांग."

त्यानं बॉनेट उघडलं, कान दिला आणि अंगठ्यानं वायर दाबली. "निसटली होती. झालं."

"किती द्यायचे?"

"वायर दाबायचं काय घेता, सर? माझी पोरगी तुमच्याच शाळंत हाय."

पूर्ण मार्क ना? शहाण्या माणसानं तिथंच त्याला सगळी हकिकत सांगून गाडी ताब्यात दिली असती. मी काय केलं? मला संशय आला! अर्ध्या मिनिटात गणित सुटलं की मी आधी त्या पोराच्या शेजारी कोण बसलंय ते बघतो. वर एक पैसाही घेतला नाही. फुकट काम करणाऱ्या माणसाच्या मनात काहीतरी असणारच. मी ठरवलं, पेपर सोपा होता. दुसऱ्याला कठीण काढायचा.

दुसरा परीक्षार्थी औंढ्याचा वामन मिस्त्री. म्हातारा माणूस, चष्म्याला सुतळी, पण त्या रस्त्यावरचा प्रत्येक ड्रायव्हर त्याचंच नाव घेतो. या वेळी मी प्लगची वायर पूर्ण काढली, टोपणात कागदाची एक बारीक गोळी कोंबली आणि वायर परत होती तशी बसवली. बाहेरून बघितलं तर सगळं ठाकठीक. आपल्याच हुशारीवर मी फार खूश झालो. लग्न दुसऱ्या दिवसावर होतं, पण परीक्षा म्हणजे परीक्षा.

मधे गाडीनं आपल्या मूळ रोगाप्रमाणे एका लिंबाखाली अर्धा तास घेतला. औंढ्यात पोचलो. वामन मिस्त्रीनं स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनावर ठेवलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटले.

"मास्तर, हिला दोन तकलीफी हायत," तो म्हणाला. "एक हिची सोताची. दुसरी कुनीतरी दिलेली."

माझ्या अंगावर काटा आला. असा विद्यार्थी मला उभ्या नोकरीत मिळाला नाही!

त्यानं नेमकी तीच वायर काढली आणि पिनेनं गोळी बाहेर ओढली. ती तळहातावर घेऊन त्यानं चष्म्याजवळ धरली. मग त्याचा चेहरा लालबुंद झाला.

"हे आपोआप जात न्हाई. कुन्या तरी मिस्त्रीनं कोंबलं हे. गिऱ्हाईक परत परत यावं म्हनून. सगळ्या धंद्याला काळं फासलं ह्यानं. तुमच्या गाडीला शेवटचा हात कुनी लावला, मास्तर?"

इथं 'मी' म्हणायचं होतं. एक अक्षर! पण भोवती पाच-सहा जीपवाले गोळा झाले होते आणि त्यातले दोघं मला नमस्कार करणारे होते. मिस्त्री म्हणून शेवटचा हात दत्ताचाच, अशी मी मनाची समजूत घातली.

"हिंगोलीचा दत्ता," मी म्हणालो.

"दत्ता? माझ्या हाताखाली शिकला त्यो." त्यानं लगेच फोन लावला. "असशील तसा निघ. औंढ्याला ये." मग मला म्हणाला, "बसा. तुमच्या समोरच निकाल लावतो. तवर ह्या गाडीला माझा हात लागनार न्हाई."

म्हणजे काम बंद! तेवढ्यात रोहितचा फोन. "मामा, गाडीला फुलांचा हार बांधायला किती मीटर लागंल?"

इकडं जीपवाल्यांची स्मरणशक्ती जागी झाली. एक म्हणाला, माझी जीप दत्ताकडून आणली आन् आठ दिवसांत क्लच गेला, आता कळलं काहून. दुसऱ्याला साडूचा ट्रॅक्टर आठवला. तासाभरात दत्ता जिल्ह्यातला सगळ्यात मोठा लबाड ठरला. आणि मी? मला बिचारा समजून लोकांनी चहा पाजला. दोनदा. मी दोन्ही वेळा प्यायलो.

दत्ता आला. हेल्मेट हातात घेऊन, मान खाली घालून त्यानं उस्तादाचं सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाला, "ती गोळी बघू द्या."

त्यानं ती उलगडली. चौकटीच्या वहीचा तुकडा, त्यावर लाल शाई. 'पाचपैकी दोन. कारण लिहा.'

दत्तानं माझ्याकडं बघितलं. "सर, हे अक्षर मी रोज बघतो. माझ्या पोरीच्या वहीत."

मग काय, सगळं ओकावं लागलं. परीक्षा, पहिला पेपर, दुसरा पेपर.

"म्हंजी तुमी आमची परीक्षा घेऊन राहिले व्हते?" वामन मिस्त्री म्हणाला.

"हो."

"आन् मी?" दत्तानं विचारलं.

"तू पहिल्याच दिवशी पास झाला होतास."

"मंग नापास काहून केलं?"

खरं सांगतो, इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी सगळ्यांसमोर हात जोडून त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "राहू द्या, सर. फक्त पोरीला कळू देऊ नका. तिला तुमी लई आवडता."

यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शेवटी मी सरळ सांगितलं, गरम झाली की बंद पडते. वामन मिस्त्रीनं इंजिन बराच वेळ चालू ठेवलं, मग प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलला हात लावला आणि चटकन मागं घेतला. "ही तापली की झोपते. हेच पैल्या दिवशी सांगितलं असतं, तर पैल्याच दिवशी झालं असतं." बायकोनं दुसरं काय सांगितलं होतं?

त्यानं नवी कॉइल बसवली. दत्तानं गाडी हिंगोलीच्या वाटेला लांबवर पळवून आणली, एकदाही बंद पडली नाही. मी चावीसाठी हात पुढं केला. वामन मिस्त्रीनं चावी दत्ताच्या हातात दिली.

"गाडीचा भरवसा हाय, मास्तर. मालकाचा न्हाई. उद्या नवरदेवाला ह्योच नेईल."

गाडी दोन सीटची. एकीवर रोहित, दुसरीवर दत्ता. वऱ्हाडाच्या जीपमधली जागा बायकांनी घेतली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी गाडीचे मालक हट्ट्याला निघाले ते भाड्याची माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपला मागं लटकून. वाटेत लाल गाडी हार मिरवत आमच्या पुढं गेली. मला एकदम आनंद झाला. रोहितनं मला ओळखलं नाही.

शेजारी लटकलेला माणूस म्हणाला, "बघितली का? हिच्या मालकानं म्हनं सोताच गाडीत कागद कोंबला आन् बिचाऱ्या मिस्त्रीवर आळ घेतला. मास्तर हाय म्हनं कुनीतरी."

"असंल," मी म्हणालो.

"तुमी काय करता?"

"शेती."