कमलआक्कांच्या विहिरीतलं सोनं

रिपोर्ट वाचला, खुर्चीतून उठले आणि काही कारण नसताना पंखा बंद केला. सोनं आणि चांदी, दोन्ही. थोडं तांबंसुद्धा. पारनेर तालुक्यातल्या एका अर्धवट विहिरीच्या तळातून.

आमचं काम खरं तर पाण्याचं. विहीर कुठे खणावी, किती खोल न्यावी, हे नगरच्या ऑफिसातून आम्ही सांगतो. कमलआक्कांची विहीर काळ्या पाषाणात अडली, म्हणून मी बघायला गेले होते. तळाशी पांढऱ्या गारेचा, म्हणजे गारगोटीच्या दगडाचा, पट्टा आणि त्यात पिवळी चमक. ती पायराईटची, म्हणजे लोखंड आणि गंधकाची, असणार हे मला कळत होतं. तरी गारेचा तुकडा आणि आसपासचा भुगा एका पिशवीत भरून लॅबला पाठवला. आक्कांना म्हणाले, रिपोर्ट येईपर्यंत काम थांबवा.

ज्वालामुखीच्या खडकात सोनं येतं ते असं. खोलवरचं गरम पाणी सोनं-चांदी विरघळवून भेगांतून वर आणतं. वर दाब कमी झाला की ते उकळतं आणि आणलेला माल भेगेतच टाकून देतं, गारेच्या पट्ट्यात. जगात असे साठे आहेत, काहींना तर अजून कुदळही लागलेली नाही. आपला काळा पाषाणही ज्वालामुखीचाच. पण त्यात सोन्याचा साठा नसतो, असं आम्ही कॉलेजपासून घोकलेलं.

साहेबांनी रिपोर्ट वाचला. "कुणाला बोललात?"

"नाही सर."

"मग दार लावा."

दार लावून आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे हसत सुटलो. अर्ध्या चहाच्या वर कधी न जाणाऱ्या साहेबांनी पेढे मागवले. मग नकाशा पसरून पेन्सिलीने तो पट्टा थेट राळेगणपर्यंत नेला.

"सर, असाच गेला तर शेवगावलाही पोचेल."

"पोचू दे," साहेब म्हणाले.

त्याच आनंदात मी गाव गाठलं. आक्का बांधावर वाट बघत होत्या. मागे डाळिंबाची रोपं माना टाकून उभी.

"मॅडम, हिरीवरले क्रेनवाले उद्या दुसरीकडं चाललेत. एकदा गेले की दिवाळीपत्तुर यायचे न्हाईत. तवर माझी बाग जगंल का?"

मला राहवलं नाही. "आक्का, खाली सोनं असू शकतं."

"मंग हिरीचं काय?"

"सोनं सरकारचं. खाण झाली तर विहीर राहणार नाही."

"मंग नगं मला सोनं." त्यांनी विहिरीकडे बोट केलं. "पन मॅडम, सोनं तर आमीच ठिवलंय की तितं."

"कुठे?"

"त्या पांढऱ्या पट्ट्याच्या भेगंत. दगड लई कठीन, सुरुंगाला दाद देईना. म्हनून भटजीला खाली उतरवलं, पूजा केली, पंचरत्न ठिवलं. माझ्या तुटक्या बाळीचा तुकडा, चांदी, तांबं, पवळं, मोती. मंग सुरुंग उडवला."

मी मुरमाच्या ढिगावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आक्काही हसायला लागल्या. पोवळं आणि मोती रिपोर्टात नव्हते, कारण ते आम्ही तपासलेच नव्हते.

साहेबांना फोन लावला. "सर, साठा कसा तयार झाला ते कळलं."

सगळं ऐकून ते म्हणाले, "उरलेले पेढे मी घरी नेतोय."

समोरच्या बाजूची स्वच्छ गार फोडून पुन्हा तपासायला घेतली. पुढे त्यात सोन्याचा मागमूसही निघाला नाही. पण क्रेन थांबणार नव्हती, म्हणून आक्कांना तिथेच सांगितलं, "खणा. पट्टा धरूनच खणा." गार म्हणजे जुनी भेग, आणि पाणी भेगेतूनच येतं.

पुढच्याच सुरुंगाला पाणी लागलं. कधी काळी गरम पाणी ज्या भेगेतून आलं, तिच्यातूनच आता गार पाणी वर येत होतं. मला इतका आनंद रिपोर्ट वाचूनही झाला नव्हता.

"पंचरत्न पावलं बगा," आक्का फोनवर म्हणाल्या.

तेव्हापासून हातोडा काढण्याआधी मी एवढंच विचारते, पूजा झाली का, आणि नेमकी कुठे?