क्रिसांतोचा मास्क

फिलिपिन्समधल्या इलोइलोत प्रवासी जीप चालवणाऱ्या क्रिसांतोचा झोपेत श्वास अडायचा. अकरा वर्षं त्याची बायको लुदिविना त्याला कोपराने ढोसून जागं करत आली. डॉक्टरांनी दिलेला हवेच्या मशीनचा मास्क त्याने दोनदा भिरकावला.

"हत्ती दिसतोय मी!"

"हत्ती निदान ऐकतो तरी," ती म्हणाली.

मग रोज दुपारी टीव्हीवर कोंबड्यांची झुंज बघताना ती त्याला मास्क घालायला लावू लागली. आधी दहा मिनिटं, मग तासभर. पट्टा गालाला काचायचा, तिथे तिने जुन्या बनियनची घडी शिवली. तिसऱ्या आठवड्यात तो मास्कसकट खुर्चीतच झोपला. श्वास एकदाही अडला नाही. लुदिविना समोर बसून राहिली. आनंद व्हायला हवा होता, पण अकरा वर्षांच्या जागरणाने ती इतकी थकली होती की आत काहीच हललं नाही. थोड्या वेळाने तिने टीव्ही बंद केला आणि तीही आडवी झाली.