दाराला न दिसलेल्या आजी

"हे दार काढा आणि साधं स्प्रिंगचं बसवा," मॅनेजर सय्यद साहेब म्हणाले, तेव्हा मी स्टुलावर चढून दाराच्या वरचं कव्हर उघडत होते. छावणीजवळचं हे हाडांचं हॉस्पिटल. तिथलं सरकतं ऑटोमॅटिक दार आमच्या कंपनीने बसवलेलं आणि त्याची सर्व्हिस माझ्याकडे.

तक्रार गंभीर होती. शेंद्र्याच्या द्रौपदाबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. वॉकर घेऊन चालण्याच्या सरावाला त्या बाहेर पडत असताना दार मिटत आलं आणि वॉकरला लागलं. लगेच मागे सरकलं, म्हणून आजी पडल्या नाहीत. पण त्या दिवसापासून त्यांनी चालणंच सोडलं. असंच राहिलं तर त्या व्हीलचेअरवरूनच घरी जातील आणि पुन्हा उठणं अवघड होईल, असं फिजिओथेरपिस्टचं म्हणणं.

स्प्रिंगचं दार हा उपाय नव्हता. दोन्ही हातांनी वॉकर धरलेला माणूस ते ढकलणार कशाने?

अशा दाराचं यंत्र वरच्या पेटीत असतं. मोटर एक दातेरी पट्टा फिरवते. दाराची दोन्ही पानं त्या पट्ट्याला अडकवलेली असतात. पट्टा एका बाजूला फिरला की दार उघडतं, उलटा फिरला की मिटतं. मध्ये काही अडलं तर मोटरवर जोर येतो, कंट्रोलरला तो कळतो आणि दार मागे जातं. मी पट्ट्याचा ताण तपासला, चाकं पाहिली, हाताने दार अडवून पाहिलं. सगळं ठीक. मग वॉर्डात जाऊन आजींनाच विचारलं.

"म्हातारं माणूस दिसतच नाय त्या दाराला," त्या म्हणाल्या. "तुमच्यावानी पळणारी दिसत्यात."

हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. दारावरच्या रडारला खरोखरच फक्त हालचाल कळते. थांबलेला माणूस त्याच्या लेखी नसतो. पण आजी दारात थांबल्या कशाला?

"मंग? उंबऱ्यावर पाय द्यायचा व्हय? वाकर पलीकडं टेकवला, अन् पाय उचलाया थांबले जराशी."

तिथे उंबरा नव्हता. दार खालून डुलू नये म्हणून जमिनीत बसवलेली स्टीलची पट्टी होती. मी दाराशी बसून बघत राहिले. गावाकडची म्हातारी माणसं एकामागून एक त्या पट्टीशी थबकत होती आणि जपून पाय उचलून ती ओलांडत होती.

पट्टीच्या बरोबर वर, गुडघ्याच्या उंचीवर, दाराच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक न दिसणारा किरणही असतो. तो अडला तर दार मिटत नाही. पण आजी पट्टीच्या अलीकडे होत्या. वॉकरचे पुढचे पाय पलीकडे, मागचे अलीकडे. किरण बरोबर मधून गेला.

"थांबू नका, असा बोर्ड लावू," साहेबांनी सुचवलं.

मी त्यांच्या हातात वॉकर दिला आणि आजींसारखं जायला सांगितलं. ते पट्टीशी थांबले. दोन्ही पानं त्यांच्याकडे निघाली. साहेब वॉकर तिथेच सोडून मागे सरले.

"साहेब, तुम्हीबी दिसेना झाले," रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली.

"बोर्डाचं राहू द्या," साहेब माझ्याकडे वळून म्हणाले. "काय लागतं ते बसवा."

स्थिर उभा माणूसही ओळखणारा सेन्सर पट्टीवर आणि तिच्या दोन्ही बाजूंना रोखून बसवला. दार उघडं राहण्याचा वेळ साहेबांनीच एसीसाठी कमी करून घेतला होता, तो वाढवला. मिटण्याचा वेग आणि जोर उतरवला.

आजींना समजावून आणलं. "आधी तू हुबी राहा," त्या म्हणाल्या. मी राहिले. "पट्टीवर नाय गं, अलीकडं." मी अलीकडे सरले. दार हललं नाही.

मग त्यांनी वॉकर पलीकडे टेकवला. थांबल्या. पदर सारखा केला. पाय उचलला. दार तसंच. पलीकडे पोचल्यावर त्यांनी वळून बघितलं. "आता दम धरतंय," म्हणाल्या आणि कुणी न सांगता परत अलीकडे आल्या.

थोड्या दिवसांनी त्या त्याच दारातून चालत घरी गेल्या. एसी आता जरा जास्त चालतो. नवं दार सुरू करून देताना मी टूलबॉक्ससोबत एक वॉकरही नेते. दार किती वेगाने उघडतं, हे सगळी गिऱ्हाइकं विचारतात. ते किती वेळ थांबतं, हे मात्र मलाच सांगावं लागतं.