फायनलमधले पप्पा

टेनिसची रॅकेट मी आयुष्यात हातात धरलेली नाही, तरी एक फायनल केवळ माझ्यामुळे हातची गेली आहे.

शहाद्यात माझं जळालेल्या पाण्याच्या मोटारींना नवी तार गुंडाळून देण्याचं, म्हणजे रिवाइंडिंगचं दुकान आहे. मुलगी पूर्वा बारावी झाली आणि कॉलेजला नाशिकला निघाली. आदल्या दिवशी तिला एकच काम उरकायचं होतं. हातात धरून खेळायच्या चिमुकल्या व्हिडिओ गेममधली टेनिसची शेवटची फायनल जिंकायची. (कपडे, बादली, कागदपत्रं ही कामं आईबापाची!) सगळी सुट्टी तिने त्यात घातली होती.

"कॉलेज लागनं की मंग कोठे टाइम भेटी, पप्पा?" ती म्हणाली.

दुपारी ती आणि तिची आई सुनंदा जवळच्या प्रकाशा गावी देवदर्शनाला गेल्या. गेम चार्जिंगला होता, मी आपला सहज उघडला. कोर्टावर दोन माणसं. पुढे 'पूर्वा' आणि मागे तिचा पार्टनर, 'पप्पा'! माझा ऊर भरून आला. मग दोघांची ताकद पाहिली. पूर्वा वाघीण, आणि पप्पा म्हणजे टायफॉइडमधून कालच उठलेला इसम.

गेमची रीत अशी, की मॅच जिंकली की अनुभव मिळतो. तो दोघांत वाटायचा. ज्याला द्याल त्याची ताकद वाढते, आणि एकदा दिलेला परत घेता येत नाही. पूर्वाने बराचसा अनुभव फायनलसाठी राखून ठेवला होता. आता तुम्हीच सांगा, घरात अनुभव कुणाकडे जास्त हवा? मी सगळाच्या सगळा पप्पांना देऊन टाकला. वर वाटलं, पोरीला मदतच होईल.

संध्याकाळी फायनल सुरू झाली. मी पलंगावर तिला खेटून बसलो. पार्टनरला गेम स्वतःच खेळवतो, आपल्या हातात काही नसतं. पहिला चेंडू थेट पूर्वाकडे आला आणि मागून पप्पा रेड्यासारखे धावत आले. असा टोला हाणला की चेंडू प्रेक्षकांत! दुसरा चेंडूही तसाच. तिसराही. पोरीला रॅकेट हलवायला मिळेना.

"पप्पा, बाजूले व्हा ना," ती करवादली.

मी उशीपर्यंत सरकलो.

"तुम्ही नही, हाऊ पप्पा." तिने स्क्रीनवरच्या पप्पांवर बोट ठेवलं.

हरलो. सपाटून हरलो. तिने ताकदीचं पान उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"सगळा अनुभव तुम्ही लिधा का?"

"लिधा, बेटा."

स्वयंपाकघरातून सुनंदा म्हणाली, "घरमा पुढे पुढे करतस तेवढं कमी व्हतं का? आते गेममा बी?"

मला फार वाईट वाटलं. उद्या पोर जाणार आणि आज मी तिच्या अख्ख्या सुट्टीवर पाणी ओतलं. ती चिडेल असं वाटलं होतं, पण तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

"कमजोर समजीसन मांगे नही ठेवेल व्हतं तुमले. चेंडू मारानं काम मन्हं शे. तुम्ही नुसता मांगे उभा ऱ्हायनात तरी माले धीर वाटस."

जळक्या मोटारीच्या धुराने माझ्या डोळ्यांत पाणी येतं, तेवढंच. त्या दिवशी धूर नव्हता, तरी आवरेना. मी ठरवून टाकलं, आजपासून आपण मागे.

दुसऱ्या दिवशी होस्टेलच्या ऑफिसात मी तिच्या मागे उभा राहिलो, तोंड घट्ट मिटून. टेबलामागच्या बाईंनी पूर्वाला विचारलं, "नाव काय तुझं?" आणि मी मागून तिचं नाव, जन्मतारीख, रक्तगट आणि खान्देशची असूनही ती वांगं खात नाही, हे सगळं सांगून मोकळा झालो.