योग्य दर्जाची जाळी

‘योग्य दर्जाचे’ हे दोन शब्द कागदावर दिसले की मला आजही शिसारी येते. आणि ते मीच वर्षानुवर्षं लिहीत आलो, ही त्याहून किळसवाणी गोष्ट.

सांगलीतल्या एका कचेरीत मी बांधकामांची तपशीलपत्रकं लिहायचो. म्हणजे कंत्राटदारानं काय, कसलं, किती मापाचं वापरायचं, तो कागद. साहेबांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, ‘मोघम लिही, म्हणजे अंगाशी येत नाही.’ मग काय, जुना कागद उघडायचा, वरचं नाव बदलायचं, खाली सही ठोकायची. आम्ही सगळे तेच करायचो आणि वर चहा पीत शहाणपणा मिरवायचो.

तासगावजवळ माझ्या आत्याची द्राक्षबाग. तिनं पहिल्यांदाच स्वतःचं बेदाणा शेड बांधायला काढलं. बागेचा त्या वर्षीचा सगळा माल त्यातच वाळणार होता. म्हणाली, ‘तुझ्याच हातचा कागद पायजे.’ मी अर्ध्या तासात एक जुना कागद तिच्या नावावर केला. तो कोंबड्यांच्या शेडचा होता आणि मला ते ठाऊक होतं. त्यातली ‘जाळी योग्य दर्जाची असावी’ ही ओळ मी तशीच ठेवली.

कंत्राटदारानं साध्या लोखंडी तारेची जाळी मारली. औषधाच्या पाण्यात बुडवलेली ओली द्राक्षं तिच्यावर पसरली आणि पंधरा दिवसांत सगळ्या बेदाण्यावर गंजाचे डाग उठले. व्यापाऱ्यानं मूठभर उचलला, वास घेतला, परत टाकला आणि रुमालाला हात पुसले. ‘खायच्या कामाचा न्हाई ह्यो,’ एवढंच बोलला.

मी कंत्राटदाराला फैलावर घेतलं. त्यानं शांतपणे माझाच कागद पुढं केला. ‘सायेब, गंज चढू नये असं कुठं लिवलंय? योग्य म्हणलाय तुमी. मला हीच योग्य वाटली.’ तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी तो कागद घडी घालून खिशात कोंबला.

आत्या डागाळलेला बेदाणा पोत्यात भरत होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, ‘जाळी लावताना तुला काहीच शंका आली नाही का गं?’

पोत्याचं तोंड शिवता शिवता ती म्हणाली, ‘आली की. हात लावला तवाच तांबडा झाला. पण कागदाखाली तुझी सही व्हती, म्हणून गप बसले.’